खुब्यातली करकर

माझा खुबा बदलला तेव्हा डॉक्टरांनी एकच दम भरला होता, जमिनीवर बसायचं नाही. तो मी कसोशीने पाळला, एकदाच सोडून. अंबरनाथला धाकट्या जाऊबाईंकडे हळदीकुंकू होतं. माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती, पण समोर सतरंजीवर थकलेल्या चुलत सासूबाई मांडी घालून बसलेल्या. त्यांच्यासमोर मी वर पाय सोडून बसणार? जीव संकोचला आणि भिंतीला धरून मी खाली टेकले. उठवायला दोघीजणी लागल्या.

पुढे जांघेत दुखायला लागलं. शिरगावच्या आमच्या इमारतीचा जिना उतरताना कळ यायची. मग खुर्चीतून उठताना आतून करकर ऐकू येऊ लागली, गंजलेल्या बिजागरीसारखी. मी हादरले, पण बोलले नाही. यांना कळलं असतं तर ‘सांगितलं होतं ना’ हे वाक्य यांनी जन्मभर पुरवून वापरलं असतं. उठायच्या आधी मी टीव्हीचा आवाज वाढवायची. मनात एकच घोळत होतं. सांधा मीच बिघडवला, आता पुन्हा कापणार, आणि या वेळी मी टेबलावरून उठणार नाही.

एकदा स्वयंपाकघरात मिक्सर बंद झाला, मी वळले आणि यांनी तो आवाज ऐकला. त्यांनी लगेच कपाटातून माझ्या ऑपरेशनचे कागद काढले. त्याने मी जास्त घाबरले.

आधीचे डॉक्टर गाव सोडून गेलेले, म्हणून यांनी मला उल्हासनगरला दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारायच्या आधीच मी खाली बसल्याचं कबूल करून टाकलं. त्यांना त्यात रस नव्हता. सांधा कुठल्या कंपनीचा, कुठल्या बनावटीचा, ते त्यांना हवं होतं. ऑपरेशनच्या कागदांवरचं स्टिकर यांनी दाखवलं. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि एक्स-रे, शिवाय रक्तात धातू किती आहे याची तपासणी सांगितली. साखर, हिमोग्लोबिन ऐकलं होतं. रक्तात धातू हे पहिल्यांदाच ऐकत होते.

रिपोर्ट पाहून ते म्हणाले, “काकू, बसण्याने काही झालेलं नाही. ये जॉइंट ही खराब है.”

धातूवर धातू घासून आत बारीक भुकटी पडत होती. ती रक्तात गेली होती आणि भोवतालचं हाड खात होती. ही बनावट कंपनीने कधीच परत मागवली होती, आम्हाला मात्र कुणी कळवलं नाही. असा सांधा असलेल्यांनी दुखत नसलं तरी तपासून घ्यायचं, जांघेत दुखलं किंवा आवाज आला तर लगेच यायचं, आणि माझा तर आता बदलावाच लागणार, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, इतके महिने का थांबलात?

रिक्षात हे पुन्हापुन्हा सांगत होते की बघ, तुझी काही चूक नव्हती. त्यांना वाटलं मला हायसं वाटेल. मी त्यांचा हात घट्ट धरून बसले होते. माझी चूक होती तोवर ती पुन्हा करायची नाही, एवढं तरी माझ्या हातात होतं. आता ऑपरेशन होईपर्यंत नुसतं चाललं तरी ते आत घासत राहणार. पाण्याचा ग्लास घ्यायला उठायचं म्हटलं तरी माझा पाय उचलत नाही.