बादशाचा उपास

आमच्या घरात दोन पोटं नाजूक आहेत. एक वडिलांचं आणि एक कुत्र्याचं. मी औषधपाणी केलं कुत्र्याचं आणि बरे झाले वडील.

हे सगळं अव्वा गेल्यानंतरचं. अव्वा म्हणजे माझी आई. बोरीत आमचं कापडाचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. अप्पा, म्हणजे माझे वडील, उभ्या जन्मात माझ्याशी सरळ असे फारच कमी बोलले. दुकानात मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेलो असायचो आणि ते आतल्या स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणायचे, "त्याला म्हणावं, जेवून घे." अव्वा आतून मला सांगायची. मी म्हणायचो, "आलो म्हणावं." अव्वा त्यांना सांगायची. माणसं हातभर अंतरावर, पण निरोप चुलीला वळसा घालून यायचा! या पद्धतीनं आमचं बापलेकांचं पन्नास वर्षं झकास चाललं होतं. मग गेल्या पोळ्याच्या सुमाराला अव्वा गेली आणि मधलं माणूसच उरलं नाही.

महिनाभर अप्पा कुणाशीच बोलले नाहीत. सकाळी उठून लिंगपूजा करायची, कपाळाला विभूती लावायची आणि पडवीत भिंतीला टेकून बसायचं. जेवण म्हणजे दोन घास. मी पुढ्यात जाऊन खोकलो, वर्तमानपत्र वाचून दाखवलं, मुद्दाम कापड चुकीचं फाडलं. काही नाही! माझा बाप माझ्यासमोर बसून रोज थोडा थोडा नाहीसा होत होता आणि मला त्यांच्याशी बोलायला कुठून सुरुवात करतात तेच माहीत नव्हतं.

एक दिवस ते बोलले. माझ्याशी नाही, बादशाशी. बादशा हा अव्वाचा कुत्रा. अकरा वर्षांपूर्वी तिनं त्याला दुकानाच्या पायरीवरून उचलून आणलं होतं आणि तेव्हापासून रोज पोळी दुधात कुस्करून भरवली होती. अप्पा त्याच्याकडं बघून म्हणाले, "बादशा, त्याला सांग, मला चहा नको." मी घाईघाईनं म्हणालो, "बादशा, बरं म्हणावं!" बादशानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि शेपटी हलवली. निरोप पोचला.

आणि नेमकं त्याच बादशाचं पोट बिघडलं.

दिवसातून चार वेळा ढाळ, दोन वेळा उलटी. कान लालभडक. पाय चाटून चाटून सोललेले. पोटाखालचे केस तर असे गेले, की नाव बादशा आणि अवतार फकिराचा! बसल्या जागी खाजवायला लागला की त्याचा पाय पडवीतल्या पत्र्याच्या पेटीवर आपटून ठणठण आवाज व्हायचा, आणि दुकानातली गिऱ्हाइकं विचारायची, "मागं काय बांधकाम काढलं का?" माझी बायको शोभा एरवी शब्द जपून वापरते. ती म्हणाली, "अहो, ह्याला काही झालं तर अप्पा राहत न्हाईत बघा." मलाही तेच वाटत होतं. तिनं बोलून दाखवल्यावर जास्त भीती वाटली.

आधी गावातले उपाय झाले. आमच्या गावात डॉक्टर एकच, पण वैद्य घरटी आहेत. ओवा झाला, हळद झाली, कडुलिंबाचा पाला झाला. ताक झालं. ताकानं तर असा गुण आला, की मला पडवी दोनदा धुवावी लागली! शेवटी परभणीला एक कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरबाई आहेत असं कळलं, तिकडं निघालो. मोटारसायकलवर पुढं मी, मागं अप्पा आणि मधे अव्वाच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला बादशा. वाटेत झरीच्या अलीकडं माझ्या पाठीला काहीतरी कोमट लागलं. मागून अप्पांचा आवाज आला, "बादशा, त्याला सांग, थांबू नको, व्हायचं ते होऊन गेलं."

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि शांत होत्या. त्यांनी बादशाला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "याला बहुतेक खाण्यातलं काहीतरी सोसत नाही. गहू असेल, दूध असेल."

"पण अकरा वर्षं तेच खातोय की!"

"वाढत्या वयात नव्यानं सुरू होऊ शकतं. तीन आठवडे एकच साधं खाणं देऊन बघू. अंडं चालेल?"

मी अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

"अहो, कुत्र्याला चालेल का विचारतेय, तुम्हाला नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बादशा," अप्पा म्हणाले, "बाईला सांग, आमच्या घरात त्याचं नाव बी काढत न्हाईत."

बादशानं डॉक्टरबाईंकडं पाहिलं. बाईंनी एक सुस्कारा सोडला आणि लिहून दिलं: भात, मुगाचं वरण, उकडलेला दुधी. मीठ नाही, तेल नाही, गहू नाही, दूध नाही. यातलं सोडून बाहेरचा एक कणही नाही. आणि खाज कमी व्हायची गोळी, सकाळ-संध्याकाळ.

"गोळी कडू असते का हो?" मी विचारलं.

"असते. पण काहीही करून पोटात गेली पाहिजे."

हे 'काहीही करून' मी नीट ध्यानात ठेवलं.

घरी आल्याबरोबर मी कामाला लागलो. (मला अधिकार मिळाला की माझं काय होतं, ते शोभाला विचारा!) सगळ्यांना पडवीत उभं करून नियम वाचून दाखवले. शोभाला बजावलं. शेजारच्या कमलाकाकूंना बजावलं. त्या अव्वाच्या मैत्रीण, आणि रोजची पहिली भाकरी बादशाला घातल्याशिवाय त्यांचा तवा उतरत नसे. गोळी द्यायचं काम मात्र मी स्वतःकडं ठेवलं. असल्या नाजूक गोष्टी दुसऱ्याच्या भरवशावर सोडायच्या नसतात. आणि सांगायला अभिमान वाटतो, बादशानं एकदाही कुरकुर केली नाही. गोळीची वेळ झाली की स्वतःहून दारात येऊन बसायचा! औषधावर इतकी निष्ठा असलेला रोगी मी आजवर पाहिला नव्हता.

पहिल्या दिवशी बादशाची थाळी आली तेव्हा अप्पांनी तिच्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "बादशा, सुनेला सांग, तू जे खाशील तेच मी खाईन. तुला एकट्याला शिक्षा कशापायी?"

"अप्पा, ते बिनामिठाचं हाय," शोभा म्हणाली.

"बादशा, सांग तिला, तुझी सासू गेल्यापासून मला सगळं बिनामिठाचंच लागायलंय."

शोभा पदर तोंडाला लावून आत गेली आणि मोठं पातेलं घेऊन आली. त्या दिवसापासून अप्पा आणि बादशा समोरासमोर बसून एकच जेवण जेवायला लागले.

चार दिवस झाले तरी बादशाच्या पोटात फरक नाही. म्हणजे कुणीतरी चोरून खायला घालत होतं! मी पुठ्ठ्याची पाटी करून त्याच्या गळ्यात अडकवली: 'मला काहीही खायला देऊ नये.' हा माझा मोठा घोटाळा. आमच्या गावात 'खायला देऊ नये' याचा अर्थ 'उपास आहे' असाच होतो. दोन दिवसांत बोरीभर झालं, की बादशानं उपास धरलाय. दुकानात बाया कापड बाजूला सारून विचारू लागल्या, "मल्लूभाऊ, खरं हाय का हो? म्हातारीसाठी धरलाय म्हणं त्यानं?" "मुकं जनावर, पर लय माया बघा!" एकीनं डोळे पुसले. दुसरीनं पदराखालून वाटी काढली. तिच्यात साबुदाण्याची खिचडी!

"ताई, त्याला काही द्यायचं न्हाई!"

"उपासाचीच हाय की!"

सोमवारी तर कहर झाला. भगर आली, रताळी आली, केळी आली, एकानं शेंगदाण्याचे लाडू आणले. कुत्र्याच्या फराळाला इतकी गर्दी, की खऱ्या गिऱ्हाइकाला दुकानात पाय ठेवायला जागा नाही! मी पाटी काढून टाकली, बादशाला आतल्या पडवीत बांधलं आणि पुढच्या दाराला कडी घातली.

तरीही फरक नाही. फरक पडला तो अप्पांना! तीस वर्षं त्यांना जेवलं की जळजळ व्हायची. गुलाबी औषधाची बाटली कायम उशाशी. बिनतेलाच्या दुधीनं दोन आठवड्यांत ती जळजळ अशी गेली, की बाटलीचं झाकण चिकटून बसलं. अप्पांच्या गालांवर जरा तजेला आला. आणि समोर बसलेला बादशा पार चिपाड झालेला. अप्पा त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि त्यांचा हात प्रत्येक हाडावर थबकायचा. ते बघवत नव्हतं.

आता माझा संशय कमलाकाकूंवर पक्का झाला. परसातून त्यांच्याकडं जायचं दार उघडंच असतं. एका दुपारी मी पडवीत कापडाच्या गाठोड्यांमागं दबा धरून बसलो. थोड्या वेळानं काकू आल्याच! पदराखाली काहीतरी होतं. मी श्वास रोखला. त्या बादशाजवळ बसल्या, पदरातून अव्वाची जुनी फणी काढली आणि त्याच्या उरल्यासुरल्या केसांवरून फिरवायला लागल्या. "तिची हाय रे," त्याला म्हणाल्या. "परवा माझ्याकडं इसरली व्हती, ती ऱ्हायलीच." परवा म्हणजे अव्वा होती तेव्हाची गोष्ट. मग तिथंच बसून त्या आवाज न करता रडल्या. मला गाठोड्यामागून बाहेरही येता येईना आणि आत बसूनही राहवेना. तेवढ्यात मला शिंक आली.

"मल्लू? तू गाठोड्यामागं काय करायलास रे?"

"मांजर हुडकायलोय, काकू."

"आन् रडायलास कशाला?"

"सापडंना म्हणून," मी म्हणालो.

तीन आठवडे संपले. बादशाला आता उचलूनच न्यावं लागलं. डॉक्टरबाईंनी त्याला तपासलं, आणि त्यांचा चेहरा पाहून मला काय ते कळलं. त्या म्हणाल्या, "याच्यापुढची औषधं कडक आहेत. या वयात, अशा तब्येतीत झेपतील की नाही, सांगता येत नाही. कोणी नक्की काही दिलं नाही ना?"

"महादेवाशपथ न्हाई!" मी म्हणालो. "पुढं कडी, परसावर माझा पहारा. मी बायकोचे हात हुंगलेत, मॅडम."

"आणि गोळी? गोळी वेळेवर?"

"एकदा बी चुकली न्हाई."

"कडू गोळी खातो कशी?"

"त्यात काय," मी जरा छाती काढून म्हणालो. "पेढ्यात घालून देतो."

बादशानं 'पेढा' हा शब्द ऐकून मान वर केली.

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ. पेढे संपले की शोभा देवाला शिरा करते, त्यातला घास घेतो."

"पेढा कशाचा असतो?" डॉक्टरबाईंनी विचारलं. लहान पोराला विचारतात तसं.

"खव्याचा."

"खवा?"

"दुधा..." म्हणालो आणि थांबलो. शिरा कशाचा, ते त्यांनी विचारलंच नाही. तरी माझं तोंड आपलं चालूच राहिलं. "पण मॅडम, ते औषधातलं हो! औषधानं उपास मोडत न्हाई!"

खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. आमच्या घरात उपासाच्या दिवशी औषधाबरोबर गेलेलं काहीही धरत नाहीत. अव्वा सोमवारी रक्तदाबाची गोळी अर्ध्या भाकरीबरोबर घ्यायची, आणि तिचा सोमवार मोडला असं ना तिला कधी वाटलं, ना महादेवाला. देवाच्या दरबारात चालणारा हिशेब कुत्र्याच्या आतड्यातही चालेल, असं मी धरून चाललो होतो! डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आजपासून गोळी भाताच्या घासात द्या. पुन्हा तीन आठवडे. बघू."

सांगून टाकतो, बादशा वाचला. पेढे बंद झाल्यावर आठवड्यात ढाळ थांबले, महिन्याभरात पोटाखाली लव आली. आता तो पडवीत ऐटीत पडलेला असतो. पण मला आठवत राहते ती त्या दिवशीची दवाखान्याची पायरी.

आम्ही बाहेर आलो. पायरीवर एक शेळीवाला आणि मांजर घेतलेली दोन माणसं ताटकळत बसली होती. अप्पांनी बादशाला लुगड्यात गुंडाळलं, पायरीवर ठेवलं आणि सरळ माझ्याकडं पाहिलं. बादशाकडं नाही, माझ्याकडं.

"गाढवा!" अप्पा म्हणाले.

मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"तुलाच म्हणायलोय! आक्कल कुठं गहाण टाकलीस का? सातवीत असताना मास्तरला वर्गात कोंडून घरी आलास, तवाच मी तुला वळखलं व्हतं! बैल इकाया धाडलं, तर बैल परत आणलास अन् कासरा इकून आलास! हिरीत मोटर सोड म्हणलं, तर मोटर वर अन् तूच खाली! तुझ्या माईनं सगळं झाकलं तुझं जलमभर! आता कोण झाकील रे? आं?"

त्यांचा आवाज 'माई'वर फुटला, पण ते थांबले नाहीत. शेळीवाला शेळीचे कान धरून ऐकत होता. डॉक्टरबाई दारात आल्या, "आजोबा, जाऊ द्या हो, चुकून झालं," म्हणाल्या. मी त्यांना मागच्या मागं हातानं खुणावलं, नका अडवू म्हणून. पन्नाशीचा बाप्या भर रस्त्यात मान खाली घालून उभा होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्याला वाटत होतं, हे असंच बोरी येईपर्यंत चालावं.

पण अप्पांना दम लागला. ते थांबले. श्वास घेतला आणि त्यांचा हात हळूहळू बादशाच्या डोक्याकडं जायला लागला. आता परत "बादशा, त्याला सांग" सुरू होणार! मी घाईनं पुढं झालो.

"अन् अप्पा, मामाच्या लग्नात नवरदेवाचे कपडे मी पोखर्णीला धाडले अन् लग्न देवगाव फाट्याला व्हतं, ते ऱ्हायलंच की!"