लीलाताईंच्या भुतांचा मदतनिधी

लीलाताई ओव्हाळ कुठलीही गोष्ट एका बैठकीत पूर्ण सांगत नसत. आमची ओळखही अशा अर्ध्या गोष्टीनेच झाली. लेखकांच्या मदतगटात याल का, हे विचारायला मी त्यांना फोन केला होता. त्यांनी आधी माझा आवाज एवढा का चढलाय याची चौकशी केली आणि मग स्वतःहून त्यांच्या नोकरीतली एक हकीकत सुरू केली. सरकारी रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. वॉर्डातल्या एका रिकाम्या खाटेवरची चादर रोज सकाळी चुरगळलेली असायची. एकदा त्या खाटेसमोर खुर्ची टाकून बसल्या. "आणि बरं का, चादर हलायला लागली," असं म्हणून त्या थांबल्या. "कुकर झाला वाटतं. ठेवते. घे मला गटात."

माझं बालपण पत्रकांत गेलं. वडील कामगार संघटनेचे. आमच्या दिवाणाच्या पोटात गाद्या-उशांऐवजी पत्रकांचे गठ्ठे असत आणि मी वाचायला शिकले ते 'निषेध' आणि 'एकजूट' या शब्दांवर. साहित्य कशासाठी असतं याबद्दल माझी मतं पक्की होती, आणि फोनवर दर आठवड्याला भुताच्या गोष्टीचा एक भाग टाकणारी कात्रजची एक निवृत्त नर्स त्या मतांत कुठे बसत नव्हती. पण त्यांचे वाचक हजारोंनी होते आणि आम्हाला तेव्हा माणसं हवी होती.

त्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं आणि येरवड्यातली नदीकाठची एक वस्ती बुडाली. माणसं महापालिकेच्या शाळेत आणून ठेवली होती. पुरामुळे दिलेली सुट्टी संपली की वर्ग भरणार, त्याआधी खोल्या शोधून निघा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. खोली म्हटली की डिपॉझिट आलं, आणि ज्यांची भांडी वाहून गेली त्यांनी ते कुठून आणायचं? म्हणून आम्ही लिहिणाऱ्यांनी ऑनलाइन निधी उभारायचं ठरवलं. प्रत्येकाने आपल्याजवळ जे होतं ते विकायला काढलं. एक कवी देणगीदारांच्या वाढदिवसाला चारोळ्या करून देत होता. शनिवार पेठेतले एक विनोदी लेखक मागणीप्रमाणे दारावरच्या पाट्या लिहून देत होते. तुमचा अपमान करणारी पाटी हवी असेल तर दर दुप्पट. मी आवाहन लिहिलं. पूररेषेच्या आत बांधकामांना परवानगी कोणी दिली, हा सवाल मी त्यात तीनदा विचारला होता. आवाहन खूप फिरलं. शाबासकी पुष्कळ आली, पैसे फारसे आले नाहीत.

लीलाताईंनी नवी गोष्ट सुरू केली. नव्या नवरीला सासरचे विहिरीत ढकलतात आणि खाली, पाण्यात, तिची मेलेली सवत बसलेली असते. पहिला भाग फुकट. त्याखाली एकच ओळ होती: आजची रक्कम जमली की पुढचा भाग येईल.

मला ते अजिबात आवडलं नाही. लोकांच्या उत्सुकतेला ओलीस धरून मदत गोळा करायची, याला विचार म्हणत नाहीत, असं मी त्यांना सरळ सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. वॉर्डात दुखण्याने हैराण झालेली माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. त्या म्हणाल्या, "घाबरलेल्या माणसाला उपदेश करू नये, मुक्ता. पुढे काय होणार तेवढं सांगावं. तेवढ्यावर माणूस रात्र काढतो." हे वाक्य त्या पुष्कळदा म्हणत. इंजेक्शन घेणाऱ्यालाही त्या 'दुखणार नाही' असं कधी सांगत नसत. 'आता टोचणार, मग जळजळेल, मग थांबेल' असं सांगत.

पैसे मात्र येऊ लागले. वाचक एकमेकांना तगादा लावायचे. बाई पाण्यात उभी आहे आणि तुम्ही लोक शंभर रुपये काढत नाही, असे टोमणे चालायचे. अशात एक दिवस अकरा रुपये आले आणि सोबत निरोप: "ताई, आम्ही सध्या शाळेत आहोत. भाग दिवसा टाकाल का? संध्याकाळी लाइट जाते, फोनला चार्जिंग राहत नाही." खाली नाव होतं, रेखा.

शाळा कोणती, हे कळायला आम्हाला वेळ लागला नाही. ज्यांच्यासाठी आम्ही पैसे जमवत होतो, त्यांच्यातल्याच एका बाईने पुढच्या भागासाठी वर्गणी भरली होती.

गटात एकच गोंधळ उडाला. पैसे ताबडतोब परत करा, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. माझं म्हणणं वेगळं होतं. ही गोष्ट लिहायला हवी, फोटोसकट. जिचं घर पडलंय ती अकरा रुपये देते आणि बंगल्यातले लोक हृदयाची चित्रं पाठवतात. एका दिवसात निधी पूर्ण होईल याची मला खात्री होती, आणि शाळा सोडायची तारीख जवळ आली होती. मी मजकूर लिहूनही काढला. चांगला झाला होता.

लीलाताईंनी तो वाचला आणि विचारलं, "तिला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी येरवड्याला गेलो. रेखा चौथीच्या वर्गात होती. बाके भिंतीला लावून मधल्या जागेत सात-आठ कुटुंबांनी सामान मांडलं होतं. ती कल्याणीनगरकडे घरोघर पोळ्या करायची. तिच्या खोलीची मागची भिंत पडली होती. आम्ही येण्याचं कारण सांगितल्यावर तिने आम्हाला बसायला एक बाक ओढून दिलं. मग म्हणाली, "माझं नाव नको, ताई. मी पोळ्या करते त्या घरच्या मॅडमपण तुमची गोष्ट वाचतात. आम्ही दोघी बोलतो त्याच्यावर. उद्या त्यांना माझी दया आली तर मग गोष्टीवर कोण बोलणार?"

पैसे परत देऊ केले तेही तिने घेतले नाहीत. लीलाताईंनी माझा हात खाली केला. "ती वाचक आहे. वाचकाचे पैसे परत केले म्हणजे गोष्ट वाईट होती असं कबूल केल्यासारखं होतं."

निघताना रेखाने विचारलं, नवरी वर येते का. लीलाताई शेवट कोणालाच सांगत नसत, सख्ख्या मुलालाही नाही. त्या दारात उभ्या राहिल्या, वर्गातली माणसं पाहिली आणि म्हणाल्या, "रविवारी दुपारी येते. इथेच वाचून दाखवते."

त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की शेवटचा भाग रविवारी शाळेत वाचला जाईल, फोनवर त्यानंतर. निधी अजून अपुरा होता, आणि शेवट हा आमच्या हातातला एकमेव हुकमाचा पत्ता होता. मी भांडले. वाचकही खवळले. एकाने लिहिलं, पैसे आम्ही भरले आणि आधी त्यांना? लीलाताईंचं उत्तर तिथे अजून आहे: "त्यांनीही भरले आहेत. आपणही यावे. बसायला सतरंजी आणावी."

आणि लोक खरोखर आले. पेठांतून, निगडीहून, रिक्षा करून आले, काखेत सतरंज्या घेऊन. कोण वस्तीतलं आणि कोण बाहेरचं, हे गर्दीत लवकरच कळेनासं झालं. लीलाताई मास्तरांच्या खुर्चीत बसल्या आणि चष्मा पुसून वाचू लागल्या. विहिरीत पाणी वाढतंय, वरून कोणी दोर टाकत नाही, आणि सवतीचा हात नवरीच्या पायाला लागतो, इथपर्यंत आल्यावर सवयीने त्या थांबल्या. वर्गातल्या सगळ्या बाया त्यांच्यावर ओरडल्या. हसू आवरत त्यांनी पुढे वाचलं. सवत नवरीला खाली ओढत नाही, खांद्यावर घेते. तिच्या खांद्यावर उभी राहून नवरी काठाला हात घालते.

रेखाला शेवट पटला नाही. शेजारी बसलेल्या बाईंना ती म्हणाली की सवत मेली तरी एवढी चांगली होत नसते. त्या बाई गोष्ट ऐकायला धानोरीहून आलेल्या, नवरा गेल्यावर एकट्या राहणाऱ्या. त्यांचं मत उलट होतं. मेल्यावरच चांगली होते, जिवंतपणी जमत नाही. दोघी बराच वेळ वाद घालत होत्या. मग बाईंनी विचारलं, तुम्ही कुठे राहता? रेखा म्हणाली, सध्या इथेच, चौथी ब मध्ये.

बाईंच्या घरामागे एक खोली रिकामी होती. डिपॉझिट नको, भाडं महिन्याच्या महिन्याला द्या, असं त्यांचं तिथेच ठरलं. आम्हाला ते दोन दिवसांनी कळलं, तेही रेखाने शेगडी कुठे स्वस्त मिळेल हे विचारायला फोन केला तेव्हा.

हे कळल्यावर मी लीलाताईंना म्हटलं की हा न्याय नाही. एकीला शेजारी बसलेल्या बाईमुळे खोली मिळाली, बाकीच्यांचं काय? डोक्यावरचं छप्पर हा हक्क आहे, गोष्ट आवडल्याचं बक्षीस नाही. हे मी आजही म्हणते. निधीतून काही कुटुंबांचं डिपॉझिट भरलं गेलं, काही नातेवाइकांकडे गेली, आणि काही पुन्हा नदीकाठीच परतली. लीलाताईंनी सगळं ऐकून घेतलं. "न्याय नाहीच आहे हा. तू ते लिही. जोरात लिही. मी तोवर बाकीच्यांच्या खोल्या बघते." आणि त्यांनी बघितल्या, पुढचे कित्येक महिने त्या दिसेल त्या वाचकाला घरात जागा आहे का विचारत होत्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. रुग्णालयात नळ्या लावलेल्या अवस्थेत त्यांनी एक नवी गोष्ट सुरू केली. पहिला भाग मलाच टंकायला लावला. वाचकांना आजारपण कळलं होतं. खाली शेकडो अभिप्राय आले: अप्रतिम, तब्येतीला जपा, तुम्ही आमचं दैवत आहात. मी ते एकेक वाचून दाखवत होते आणि त्या डोळे मिटून पडल्या होत्या.

मग रेखाचा आला. "लीलाताई, हा भाग फसला. भूत पहिल्या पानावरच दिसलं. सवत शेवटपर्यंत नीट दिसली नव्हती, म्हणून भीती वाटायची. तुम्ही घाई केलीत." त्यात पूर नव्हता, मदत नव्हती, आभार नव्हते. मला राग आला. मरणाच्या दारातल्या माणसाला कोणी असं लिहितं? लीलाताईंनी तो दोनदा वाचायला लावला. त्या इतक्या हसल्या की नर्सला येऊन नळी सारखी करावी लागली.

"बरोबर आहे तिचं," श्वास ठिकाणावर आल्यावर त्या म्हणाल्या. "काढ ते भूत. लिहून घे."

ते त्यांचं शेवटचं लिखाण. आता तो भाग उघडला तर त्यात भूत दिसत नाही. खोलीचं दार थोडंसं उघडं आहे आणि आत कोणीतरी वाट बघत बसलंय, एवढंच कळतं.