झोपून पाहिलेली घरे

जागणे ही क्रिया आपण फार सहज गृहीत धरतो. पापण्या उघड्या असल्या की माणूस जागा, एवढीच आपली व्याख्या. परंतु दुसऱ्याला निर्धास्त झोप लागावी म्हणून जे जागणे असते, त्याची जात निराळी. त्यात तपाचा अंश आहे. आणि तपाचे लक्षण असे की ते आचरणाऱ्याला आपण काही विशेष करीत आहोत याचे भानही नसते. दिव्याला स्वतःच्या उजेडात काही वाचायचे नसते. तो जळतो, आणि उजाडले की कुणीतरी येऊन त्याला मालवते. मालवलेल्या दिव्याचा दिवस कसा जातो, हे मात्र आपण कधी विचारीत नाही.

जिची ही हकीकत आहे, ती एका मोठ्या इस्पितळात रात्रपाळीची परिचारिका होती. नोकरीच्या आरंभी नवख्यांच्या वाट्याला रात्रपाळी येते, तशी तिच्याही आली. पुढे बरोबरीच्या मुलींची लग्ने झाली. कुणाचे मूल लहान, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली, आणि प्रत्येकीची रात्र ती आपल्याकडे घेत गेली. "माझी कोण वाट बघतंय घरी?" एवढेच म्हणायची. कालांतराने पाळ्या लावणाऱ्यांनी तिला विचारणेही सोडले. रुग्ण तिला सिस्टर म्हणत. सहकारिणी प्रेमाने घुबड म्हणत, आणि त्या नावाने हाक आली की ती सावकाश मान वळवून डोळे मोठे करून दाखवी.

इस्पितळाच्या आवारातच तिला राहायला क्वार्टर होते. एक खोली, एक स्वयंपाकघर, एक खिडकी. दिवसा झोपायचे म्हणून ती खिडकी तिने जुन्या एक्स-रेच्या फिल्म चिकटवून झाकून टाकली होती. सकाळी ड्यूटीवरून येऊन जेवून ती पाठ टेकी, तेव्हा बाहेर ऊन चढत असे आणि ते ऊन अनोळखी माणसांच्या बरगड्यांतून गाळले जाऊन खोलीत उतरे. निळसर, धूसर, पाण्याखालचा वाटावा असा तो उजेड. कुणाचे मनगट, कुणाचा खांदा, कुणाच्या कण्याचा मणका. त्यांतले कितीजण बरे होऊन घरी गेले, कितीजण नाही, हे तिला ठाऊक नव्हते; पण डोळा लागताना ती त्यांच्याकडे पाहत राही. जणू वॉर्डातली माणसे आता उलट तिच्या उशाशी येऊन बसली आहेत, आणि पाळी त्यांची आहे.

तिच्या भावाची मुलगी शिकायला म्हणून गावाहून तिच्याकडे राहायला आली, ती शिकून एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायला लागली तरी तिथेच राहिली. आत्या आणि भाची एकाच खोलीत राहत, पण त्यांची भेट दाराशी होई: एक आत शिरताना, एक बाहेर पडताना. ज्या बाईला सारे इस्पितळ कधीही न झोपणारी म्हणून ओळखत होते, तिला या मुलीने लहानपणापासून एरवी फक्त झोपलेलीच पाहिले होते. सुटीच्या दिवशीसुद्धा आत्याच्या देहाची घडी मोडत नसे. "माझी झोपाळू आत्या," असे ती मैत्रिणींना सांगे, आणि मैत्रिणींना ते खरेच वाटे.

निवृत्ती जवळ आली तशी क्वार्टर सोडण्याची सूचना आली. भावाने फोनवर बजावले, "हे बघ, घर एकदाच घ्यायचंय. चुकलं तर दुसरं घ्यायची ना तुझी ताकद, ना माझी. नीट बघून घे."

"नीट म्हणजे कसं, दादा?"

"म्हणजे पाणी बघ, भिंती बघ, शेजार बघ."

तिने पाणी, भिंती आणि शेजार हे सारे ऐकून घेतले. परंतु घर म्हणजे काय, याचा तिचा स्वतःचा अनुभव एकच होता: जिथे दिवसा झोप लागते ते.

घरे दाखवणारा दलाल गमत्या माणूस होता. कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा की तो जिना चढू लागला की माणसाआधी आवाज वर पोचे. भाचीने त्याचे नाव चावीवाला ठेवले. पहिले घर त्याने दाखवले ते गावाबाहेरचे रो-हाऊस. एकाला एक चिकटलेली, एकसारखी बसकी घरे, पुढे हातभर हिरवळ. भाचीने पिशवीतून टेप काढली आणि भिंती मोजू लागली. आत्याने पिशवीतून चटई काढली.

"हे काय, ताई?" चावीवाला म्हणाला.

"जरा झोपून बघते."

"झोपून?" त्याने भाचीकडे पाहिले. "ताई, लोक नळ सोडून बघतात, भिंतीवर टिचक्या मारतात. एका गिऱ्हाइकानं तर गच्चीत उड्या मारून बघितल्या. पण झोपून बघणारं गिऱ्हाईक पहिलंच!"

"आम्ही खाट बघून पेशंट ठेवत नाही हो, पेशंट बघून खाट देतो," ती चटई झटकत म्हणाली. "तुम्ही दोघं बाहेर बसा. आणि त्या चाव्या वाजवू नका."

तिला झोप लागली, आणि झोपेत स्वप्न पडले. त्या साऱ्या घरांच्या ओळीतून ती हातात टॉर्च घेऊन राउंड घेत होती. दार लोटले की आत एक खाट. खाटेवर कुणीतरी शांत निजलेले. नाडी ठीक, श्वास ठीक. पुढचे दार, तीच खाट, तोच श्वास. ओळ काही संपेना. एकही माणूस कण्हत नव्हता, एकानेही "सिस्टर" म्हणून हाक मारली नाही, आणि तिच्या पावलांचा आवाजही होत नव्हता. ती जागी झाली तेव्हा तिला हसू येत होते, पण हात चटईवर टॉर्च चाचपत होता.

"कसं वाटलं?" भाचीने विचारले.

"घर चांगलंय गं. पण ड्यूटी संपत नाही इथं."

दुसरे घर उंच इमारतीत, पार वरच्या मजल्यावर होते. लिफ्ट, दुहेरी काचा, मागच्या बाजूची झोपायची खोली, तिला एकच लहान खिडकी आणि तीही दुसऱ्या इमारतीच्या सावलीत. चावीवाल्याने दार लावून घेतले आणि जगाचा आवाज, कात्रीने दोरा तोडावा तसा, तुटला. चटईवर तिने अंग टाकले मात्र, आणि स्वप्नाचाही लवलेश नसलेली ती गाढ सुषुप्ती आली, जिच्यात मी आणि माझे हा भेदही उरत नाही. भाचीने तिला हलवून उठवले तेव्हा ही सकाळ की संध्याकाळ, हे तिला क्षणभर कळेना.

"हेच," ती म्हणाली. "हे घर घेऊया. अशी झोप मला क्वार्टरमध्येसुद्धा कधी लागली नव्हती."

चावीवाल्याचा जीव भांड्यात पडला. भावाला फोन गेला, भाऊही खूश झाला. लिफ्ट आहे, नवी इमारत आहे, अजून काय हवे? दुसऱ्या दिवशी विसार द्यायचे ठरले.

परत येताना बसमध्ये भाची टेप बोटाला गुंडाळत, सोडत होती. मग म्हणाली, "आत्या, एक विचारू? रागावू नको."

"विचार की."

"तू आता रिटायर होणार. रात्री झोपशील. मग दिवसा झोपायला एवढं चांगलं घर कशाला?"

आत्या खिडकीबाहेर पाहत होती. हा साधा हिशेब तिच्या मनात एकदाही आला नव्हता. जे आयुष्य संपत आले होते, त्याच्याच मापाचे घर ती शोधत फिरत होती. मग तिने विचारले, आणि ते इतक्या खऱ्या उत्सुकतेने विचारले की भाचीला आधी हसू आले आणि मग ते तिने आवरले.

"दिवसा काय करतात गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे माणसं. कामाला जात नाहीत ती. दुपारी काय करतात?"

भाचीने विचार केला. "काही नाही," ती म्हणाली. "असतात."

दुसऱ्या दिवशी चावीवाला विसाराच्या कागदांसाठी त्यांना न्यायला आला, तेव्हा वाटेत त्याला एका घराची चावी मालकाला परत करायची होती. रस्त्याच्या वळणावर, खाली दुकाने आणि वर राहती जागा, अशी ती दुमजली इमारत. खाली सायकली दुरुस्त करणारा, शेजारी कपडे धुऊन देणाऱ्यांचे दुकान, मागे शाळेचे मैदान. मालक बाहेर गेले होते. तासाभरात येतील असे खालच्या सायकलवाल्याने सांगितले.

"वर बसायचं का तोवर?" चावीवाला म्हणाला. "घर काय दाखवत नाही मी कुणाला. आवाज फार. महिनोन्‌महिने पडून आहे. एकदा एकानं खिडकी उघडली आणि मलाच विचारलं, इथं माणसं राहतात की बाजार भरतो?"

"चटई आहे माझ्याकडे," आत्या म्हणाली.

"ताई, इथं झोप? तुम्हाला झोप लागली तर मी माझी दलाली सोडतो!"

ती रस्त्याकडच्या खोलीत आडवी झाली. खिडकीला पडदा नव्हता. फरशीवर उन्हाचा एक चौकोन पडला होता, आणि डोळे मिटले तरी तो पापण्यांच्या आत तांबूस दिसत राहिला. खाली सायकलवाल्याने एक चाक फिरवले. त्याची किरकिर वाढत गेली, मंद होत गेली, थांबली, आणि पुन्हा सुरू झाली. ती कुशीवर वळली. शाळेची घंटा झाली आणि मैदानावर एकदम इतकी मुले सुटली की तो आवाज ओंजळभर पाणी चेहऱ्यावर मारावे तसा तिला लागला. तिने दुसरी कूस घेतली. डोळ्याला डोळा लागेना.

मग ती उठून बसली. चौकोन आता भिंतीवर चढू लागला होता, आणि चढता चढता त्याचा रंग बदलत होता, पिकत होता. दुपारचे चार वाजताना तिने इतक्या वर्षांत पाहिले नव्हते. उन्हाला वय असते, ते म्हातारे होते आणि म्हातारे होताना अधिक देखणे होते, हे तिला कुणी सांगितले नव्हते. तिला वाटले, आपण कुणाच्या तरी मोठ्या, उजळ स्वप्नात चुकून शिरलो आहोत, आणि हे स्वप्न रोज, आपण झोपलेलो असताना, आपल्या भिंतीपलीकडे चालूच होते.

समोरच्या गॅलरीत एक जाडजूड बाई दोरीवर कपडे टाकत होती. तिने मान उंचावली. "घर बघायला आलात का?"

"झोपायला आले होते," ती म्हणाली.

"झोपायला? इथं?" बाई चिमटा तोंडात धरूनच हसली. "मग लागली?"

"नाही."

"नाहीच लागायची! आमचे हे तर दुपारी झोपायला बहिणीकडे जातात."

दोघी हसल्या. खालून सायकलवाल्याने वर पाहिले आणि काही कळले नसताना तोही हसला.

खोलीच्या दारात भाची आणि चावीवाला उभे होते. चावीवाला ओशाळून म्हणाला, "मी सांगितलं होतं, ताई. चला, मालक आले की चावी देऊ आणि निघू. तिकडे विसाराला खोळंबले असतील."

"झोप नाही आली," ती म्हणाली. "अजिबात नाही." आणि चटईची गुंडाळी करत पुढे म्हणाली, "हेच घर."

चावीवाल्याने भाचीकडे पाहिले. भाचीने टेप पिशवीत टाकली. या घराची एकही भिंत तिने मोजली नाही.

भावाने फोनवर डोके आपटून घेतले. "दुकानांवर कोण राहतं गं? नवी जागा सोडून? लोक काय म्हणतील?"

"दादा, लोक काय म्हणतात ते मी कधी ऐकलंच नाही रे. मी झोपलेली असायचे. आता ऐकीन."

क्वार्टर सोडताना भाची खिडकीवरच्या फिल्म नखाने सोडवू लागली, तर आत्याने तिचा हात धरला. "राहू देत. पुढच्या सिस्टरला लागतील."

त्या घरात ती पुष्कळ वर्षे राहिली. आरंभी रात्री डोळे टक्क उघडे राहत; देहाला दिशा बदलायला वेळ लागला, मोठ्या जहाजाला लागतो तसा. पण दुपारी ती खिडकीशी बसली नाही असे झाले नाही. गुडघा फुटलेले मूल मैदानावरून सरळ तिच्या जिन्यावर येई. सायकलवाला जेवायला जाताना दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगे. समोरची बाई रोजचे भांडण अर्धे तिला सांगे आणि अर्धे दुसऱ्या दिवसावर ठेवी. चावीवाला त्या रस्त्याने गेला की खालून जुडगा वाजवी आणि ओरडे, "ताई, झोपलात का?" "जागी आहे!" असे वरून उत्तर येई. या दोन शब्दांसाठी तो वाट वाकडी करून येत असे, हे भाचीला पुढे कळले. रात्री जागून जिने परक्यांच्या झोपा राखल्या, तिने दिवसा जागून आपल्या वाट्याचा उजेड शेवटी घेतला. त्यातही तिने वाटेकरी केलेच.

ती गेली तीही दुपारीच, खुर्चीत, खिडकीशी. समोरच्या बाईने हाक मारली आणि ओ आली नाही.

घर आता भाचीचे आहे. त्या खिडकीला पडदा नाही. इस्पितळाच्या क्वार्टरमध्ये रात्रपाळीची दुसरी एक सिस्टर राहते, आणि तिथल्या काचेवर त्या फिल्म अजून आहेत.