मागची दोन चाके कोणी फिरवली?

दिनांक ६ ऑगस्ट २००६, रविवार. एटापल्ली ते अहेरी, गाडीभाडे ठरले अठराशे रुपये. गाडीत चौघे – मी, पत्नी शोभा, दिवस भरलेली मुलगी वैशाली आणि ड्रायव्हर मुरलीधर. हे आधीच लिहितो, कारण या सदरातले गूढ अनुभव वाचताना तपशिलाच्या चुका काढणारा मीच. असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत.

पावसाने जीपा बंद होत्या. मुरलीधरकडे त्याच्या मालकाची नवी गाडी होती, म्हणून निघालो.

"काका, डोकेवाली गाडी हाये," तो सांगत होता. "एरवी पुढचीच चाकं ओढतेत. ते घसरले का हिले आपोआप समजते, मंग मागच्याले ताकद देते. वळणावर शेपूटही फेकत नाई."

मी घड्याळ धरून कळा मोजत होतो. "सहा मिनिटं," म्हणालो.

"बाबा, मोजून कमी होऊन राह्यल्या का त्या?" वैशालीने विचारले.

आलापल्लीच्या अलीकडे नाल्यावर पुलाचे काम होते. बाजूच्या कच्च्या रस्त्याने वर चढायचे – चाळीस पावले, नुसता चिखल. मध्यावर पुढची चाके जागीच फिरू लागली. वजन कमी करायला मी आणि शोभा उतरलो. आसपास माणूस नाही, ट्रॅक्टर नाही... कळा तीन मिनिटांवर आल्या होत्या.

"मुरलीभाऊ, पोरगी इथीच बाळंत होईन," शोभा म्हणाली. "पाहून काय राह्यला, चालव."

त्याने हलकेच रेस दिली. मी मागे उभा होतो. मागची दोन्ही चाके जागेवर फिरली, चिखल माझ्या शर्टावर उडाला, मग चाकांनी पकड घेतली आणि गाडी एका दमात वर गेली. आम्ही हातही लावला नव्हता.

अहेरीच्या दवाखान्यात पाच वाजून दहा मिनिटांनी नात झाली. दोन किलो सहाशे ग्रॅम, दोघी सुखरूप.

तिसऱ्या दिवशी भाडे द्यायला एटापल्लीच्या गॅरेजवर गेलो. मुरलीधर मेकॅनिक नामदेवला चढाची गोष्ट रंगवून सांगत होता. नामदेवने कोपऱ्यातला लांब लोखंडी दांडा दाखवला.

"मागच्या चाकाले ताकद नेते तो शाफ्ट हा. आवाज करे म्हणून शनवारीच काढला. नागपूरहून बेअरिंग येतपर्यंत पुढच्या चाकावर चालते म्हटलं. तुले सांगाचं राहून गेलं."

मी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. शाफ्टची जागा रिकामी.

शाफ्ट नसेल तर मागची चाके गाडी ओढेल तशी नुसती मागून येतात, आपली आपण जागेवर फिरू शकत नाहीत. गाडी उलटी घसरली असती तर चिखल पुढे उडाला असता. माझा शर्ट समोरून भरला होता. पुढे तीन मेकॅनिकांना विचारले. एकालाही सांगता आले नाही. मलाही नाही.

त्या दिवशी गॅरेजवर मी अठराशे पुढे केले. मुरलीधरने मोजून नऊशे परत दिले.

"काका, मी दोनच चाकं चालवली. बाकी दोनाचे कसे घेऊ?"

तेव्हा मुरलीधरला पोचले नऊशे. उरलेले नऊशे कोणाचे ते ठरेना, म्हणून नातीच्या नावाने पोस्टात भरले.