आठ मात्रा कमी

दादाने आमच्या आईवर एक पद्यसंवाद लिहिला होता. बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या त्याच्या सोसायटीच्या कार्यक्रमात तो सादर होणार होता. मी कॉलेजात मराठी शिकवते, म्हणून कागद माझ्याकडे आला. “वृत्त तेवढं बघून दे,” तो म्हणाला.

प्रसंग आमच्या घरातलाच होता. दादाने उल्हासनगरच्या सिंधी मुलीशी लग्न केलं, तेव्हा बाबांनी त्याला घर बंद केलं. बाबा गेल्यानंतर तो वहिनीला घेऊन पहिल्यांदा पालेगावच्या घरी आला आणि आईने दार उघडलं.

दार उघडले, उभा कसा तू?
वाळलास रे, ये ना आता.
ही का ती मग?
या, पाय धुवा दोघे आधी.

मी पेन्सिलीने लघु-गुरूच्या खुणा केल्या. वृत्त पादाकुलक, ओळीत सोळा मात्रा, आठ-आठांचे दोन भाग. तिसरी ओळ आठांवरच संपत होती. पुढे “ये ना पोरी” घातलं की सोळा भरत होत्या. मी तसं सुचवलं.

“नको,” दादा म्हणाला. “आई तिथे गप्प झाली होती. हिच्याकडे नुसती बघत राहिली. तू घरातच होतीस की.”

होते, पण स्वयंपाकघरात. कुकर चढवत होते. बाहेर आले तेव्हा दोघं मोरीवर पाय धूत होती. मी घातलेले शब्द खोडून कागद त्याला दिला.

कार्यक्रमात आईचं काम शेजारच्या एका बाईंनी केलं. “ही का ती मग?” म्हणून त्या थांबल्या, दादाने सांगितलं होतं तितका वेळ. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, “विसरली वाटतं.” दोघी-तिघी हसल्या. दादा हाताची घडी घालून समोर बघत होता. मग चौथी ओळ आली आणि प्रवेश नीट पार पडला.

जेवणाच्या वेळी वहिनी माझ्याशेजारी बसली. “मम्मी एवढ्या कुठे थांबल्या होत्या?” ती म्हणाली. “मला तर एकदम हात पकडून आत घेतलं. ‘ये बाळा’ पण बोलल्या.”

दादाने ऐकलं. “तुला तेव्हा मराठी कुठे कळत होतं?”

“एवढं कळत होतं,” वहिनी म्हणाली आणि त्याच्या पानात भात वाढला.

पुढे अंबरनाथलाही एक प्रयोग झाला. दादाने ओळ बदलली नाही.