टाकीवरचं नंबरचं कुलूप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — आणि सांगतानाही माझा मलाच वैताग येतोय.

दुष्काळाची वर्षं होती. उस्मानपुऱ्यातली आमची इमारत नवी, शहर चहूबाजूंनी फुगत चाललेलं, आणि नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदा. खालच्या टाकीला आधी चावीचं कुलूप होतं. पण त्याच्या डुप्लिकेट चाव्या किती घरांत होत्या, देव जाणे! म्हणून आमचे सेक्रेटरी जोशीकाका चार आकड्यांचं नंबरचं कुलूप घेऊन आले. चावीच नाही, तर चोरणार काय? नंबर दोघांनाच ठाऊक — काकांना आणि वॉचमन नामदेवमामांना.

एवढा भरवसा त्या चिमुकल्या कुलपावर! मी एका दुपारी सहज ते हातात घेतलं. सहज? — नाही. घरातला कूलर कोरडा पडला होता, म्हणून घेतलं. कडी ओढून धरली आणि चकत्या फिरवत गेले. एक चकती घट्ट फिरायची, आणि एका आकड्यावर किंचित सैल पडायची. मग दुसरी. वीसेक मिनिटांत उघडलं! चावीचं कुलूप फोडलं असतं तर खूण तरी राहिली असती. याच्यावर ओरखडासुद्धा नाही.

नंबर पाठ झाला. मग रोज दुपारी, मामा जेवायला गेले की, दोन बादल्या. प्यायला नाही हो — कूलरला! तिसऱ्या मजल्यावर बाळंतीण होती, तिलाही पाणी मोजून मिळत होतं. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

टाकी लवकर रिकामी व्हायला लागली. बैठक बसली. मामांना सगळ्यांसमोर उभं केलं.

"म्या नाय उघडलं, काका," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही तर दिवसभर घरीच असता. सांगा की यांना."

नुसती गप्प बसले असते तर? — तेवढंही जमलं नाही मला.

"नंबर माहीत असल्याशिवाय ते कुलूप उघडत नाही, काका," मी म्हणाले.

मामांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमधली खोली रिकामी करून ते आणि मामी गेले. हर्सूलकडं कुठल्याशा बांधकामावर राखणीला लागले, असं पुढे कळलं. तिथं मामींना पाणी लांबून डोक्यावर आणावं लागायचं, हेही कळलं. मी गेले नाही. रिक्षानं कितीसं लांब होतं? — तरी नाही.

काकांनी ते कुलूप काढून टाकलं आणि पुन्हा चावीचं, चांगलं जाडजूड लावलं. चावी एकच ठेवायची आणि इमारतीतल्या सगळ्यात विश्वासू माणसाकडे द्यायची, असं ठरलं.

ती माझ्याकडे दिली. मी घेतली.