दोन मासे आणि सरोजकाकूंची जीभ

लखनौत निशातगंजला आमच्या खालच्या मजल्यावर नंदकुमार काका आणि सरोजकाकू राहतात. काका मूळचे अमरावतीचे. रेल्वेत इंजिनियर होते, इथेच निवृत्त झाले. काकू शिरोड्याच्या. माहेरच्या घरामागे मिठागर आणि त्यापलीकडे समुद्र. चाळीस वर्षं त्या गोमतीच्या गावात राहिल्या, पण गोमतीचं नाव निघालं की अजूनही म्हणतात, "ती होय? ती आपली बरी आहे."

निवृत्तीनंतर शिरोड्याला जाऊन राहायचं ठरलं होतं. मग मुलीनं लखनौतच घर घेतलं, नात झाली आणि ते ठरलेलं तसंच राहून गेलं. काकू त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. काकांना ते न बोलणं ऐकू येत असणार, कारण गेल्या दिवाळीनंतर त्यांनी बाहेरच्या खोलीत तीन फुटांची काचेची टाकी आणून ठेवली.

"तुला समुद्र हवा होता ना," काका म्हणाले.

"समुद्र म्हटलं होतं मी. हे काचेचं कपाट कशाला आणलंत?" काकूंनी आपली खुर्ची फिरवून टाकीकडे पाठ केली. पुढे कित्येक महिने ती तशीच होती.

पहिले दोन महिने टाकीत एकही मासा नव्हता. नुसते दगड आणि खारं पाणी. वाळूसुद्धा नाही, कारण उघडा तळ साफ करायला सोपा, असा काकांचा हिशेब. साध्या मिठाचं पाणी चालत नाही. समुद्री माशांसाठीचं वेगळं मीठ दिल्लीहून बादलीतून आलं. ते आरओच्या पाण्यात दिवसभर ढवळायचं. त्यांचा आरओ पुरेना, म्हणून रोज एक कळशी माझ्या स्वयंपाकघरातून खाली जायची. येणारा प्रत्येक माणूस टाकीत डोकावून विचारायचा, "मछली कहाँ है, अंकल?" काका शांतपणे सांगायचे, "आधी घर तयार होतं, मग भाडेकरू येतात." दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव वसावे लागतात, ते माशांची घाण पचवतात. तोवर मासा आणला तर तो आपल्याच घाणीनं मरतो.

फेब्रुवारीत थर्माकोलच्या खोक्यातून दोन क्लाउनफिश आले. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे, प्रत्येकी बोटभर. काकांनी त्यांना लगेच टाकीत सोडलं नाही. पिशवीतलं पाणी बादलीत ओतून, टाकीतलं पाणी नळीनं त्यात थेंबथेंब सोडलं. दोन तास. काकू आतून म्हणाल्या, "सलाईन संपली की सांगा, वरण गार होतंय."

"सरोज, मोठी आहे ती मादी. छोटा नर," काकांनी माहिती पुरवली. "ती गेली तर तोच पुढे मादी होतो."

"म्हणजे घरात बाई लागतेच," काकू म्हणाल्या. "निसर्गाला कळतं हो." आणि माझ्याकडे वळून, "काय गं अमृता, एवढ्याशा माशाचं कालवण तरी होईल का? आमच्याकडे असले जाळ्यातून परत टाकतात."

"हे जाळ्यातले नाहीत. दक्षिणेत कुठे हौदात जन्मलेत," काका म्हणाले.

"म्हणजे यांनी समुद्र पाहिलेलाच नाही." काकू म्हणाल्या. "तुमच्यासारखेच की."

मे महिन्यात कुलर चालू झाले, दिवसातून दोनदा वीज जाऊ लागली. काकूंचा फ्रीझर पाण्याच्या बाटल्यांनी भरला. टाकी तापली की काका गोठलेली बाटली तिच्यात सोडायचे. कैरीच्या पन्ह्याला बर्फ मिळेना, पण काकूंनी एकही बाटली बाहेर काढली नाही, हे मी पाहिलेलं आहे.

आणि मग मोठी मादी खाईनाशी झाली. वरच्या कोपऱ्यात तरंगत राहायची, कल्ले धापा टाकल्यासारखे हलायचे. धाकटा तिच्याभोवती घिरट्या घालायचा. काकांनी मीठ मोजायचं यंत्र काढलं. प्लॅस्टिकची छोटी डबी, पाणी भरलं की आत काटा चढतो, मीठ जितकं जास्त तितका वर. काटा म्हणाला मीठ कमी. काकांनी मिठाचं पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी परत कमी, परत घातलं. तिसऱ्या दिवशी धाकट्यानंही खाणं सोडलं.

मी संध्याकाळी कळशी घेऊन उतरले तेव्हा काका टाकीपुढे स्टुलावर बसलेले होते. "हे गेले तर टाकी देऊन टाकीन, अमृता," ते म्हणाले. "एकतीस वर्षं पूल मोजले. एवढं पाणी मला मोजता येईना."

काकूंची पाठच होती आमच्याकडे. त्या उठल्या, स्वयंपाकघरातून चमचा आणला, टाकीत बुडवला आणि सरळ जिभेवर ठेवला.

"अगं, थुंक, थुंक ते," काका उभे राहिले.

काकूंनी खिडकीतून थुंकलं, चूळ भरली. "अहो, हे समुद्राचं पाणी नव्हे. हे आमच्या मिठागरातलं आहे, मीठ धरायच्या आदल्या दिवसाचं."

"काटा कमी दाखवतोय, सरोज."

"काटा अमरावतीचा असेल. ऊन लागलं की पाणी उडतं, मीठ मागे राहतं. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि तुम्ही वरून आणखी मीठ घालताय."

 काकांनी डबी उघडून काटा चष्म्याजवळ धरला. त्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरला होता आणि त्या वजनानं काटा वर चढतच नव्हता. मी वरून व्हिनेगर आणलं. काटा धुऊन परत पाणी भरलं तर तो पार वरच्या टोकाला जाऊन टेकला.

काकू म्हणाल्या, "आता घाला की साधं पाणी. हिची कळशी आहे इथे भरलेली."

"एकदम नाही," काका म्हणाले. "तापातून उठलेल्याला कोणी श्रीखंड वाढतं का?"

तीन दिवस लागले. दर दोन तासांनी थोडं खारं पाणी काढायचं, तेवढंच साधं घालायचं. दुपारी काका आडवे झाले की काकू घालायच्या. मोजायला त्यांचा आमटीचा डाव होता. चौथ्या सकाळी मला खालून हाक आली. मी उतरले तर मादी चिमूटभर खाणं तोंडात धरून दगडाआड चालली होती आणि धाकटा तिच्या मागोमाग. काका हसत नव्हते, नुसते बघत होते. काकूंची खुर्ची टाकीकडे वळलेली होती.

आता दर रविवारी काका आधी काटा बघतात, आकडा सांगत नाहीत आणि चमचा पुढे करतात. काकू चाखतात, थुंकतात, चूळ भरतात.

परवा काकांनी विचारलं, "शिरोड्यासारखं झालं का गं?"

"मीठ बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "पण शिरोड्याच्या पाण्यात वाळूची चव असते."

काका लगेच माझ्याकडे वळले. "अमृता, तुमचं कोणी जातंय का इतक्यात कोकणात?"